नाशिकमधलं फुंकून तपासणीचं सेंटर: साडेतीन तारे

तीस वर्षं शाळेत पीटी शिकवली, त्यातली निम्मी कबड्डीच्या मैदानात. दम कशाला म्हणतात हे मला कुणी सांगायला नको, अशी माझी समजूत होती. नऊ वर्षांचा नातू मैदानाच्या दुसऱ्याच फेरीला गुडघ्यांवर हात टेकून उभा राहतो. त्याला मी दोनदा "नाटकं पुरे" म्हणालोय, तेही कबूल करून टाकतो.

पोरगा 28व्या आठवड्यातच जन्मलेला. वजन 1100 ग्रॅम, 52 दिवस काचेच्या पेटीत, बराच काळ ऑक्सिजनवर. डॉक्टरांनी स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून फुप्फुसांची तपासणी, लिहून दिली, घेऊन गेलो मी.

वेळ साडेदहाची, नंबर लागला पावणेबाराला. दम लागणाऱ्या माणसांची तपासणी दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद! एक तारा जिन्यातच गेला.

आतल्या ताईंना मात्र पैकीच्या पैकी. नाकाला चिमटा, तोंडात नळी, पडद्यावर मेणबत्त्या. जोरात फुंकलं की विझतात. पहिल्या दोन फुंका त्यांनी बाद केल्या, ओठांच्या कडेनं हवा निसटत होती म्हणून. "छाती भरून घे... आता सोड, सोड, सोड, अजून सोड!" हे तर माझंच काम. मीही मागून ओरडायला लागलो, तर म्हणाल्या, "आजोबा, बाहेर बसता का जरा?" नाही बसलो, गप्प राहिलो. तीन चांगल्या फुंका मिळाल्यावर स्पेसरमधून (पंपाला जोडायची पोकळ नळी) सालब्युटामॉलचे, म्हणजे श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या औषधाचे चार पफ, 15 मिनिटं थांबून पुन्हा सगळं. दमा असेल तर औषधानंतर फुंकेचा आकडा सहसा चांगला चढतो. ह्याचा जेमतेम हलला.

तरी रिपोर्टवर 'दमा?' असं छापून पाकीट हातात दिलं. फॉर्ममध्ये उंची, वजन, घरात कोण सिगारेट ओढतं, सगळं विचारलं होतं. जन्म कितव्या आठवड्यात, ते नाही. अर्धा तारा त्याचा. डॉक्टरांनी आलेख बघून पहिलं तेच काढलं. 28व्या आठवड्यात फुप्फुसातले हवेचे बारीक कप्पे अजून तयार व्हायचे असतात. व्हेंटिलेटर, ऑक्सिजननं जीव वाचतो, पण कोवळ्या श्वासनळ्यांना इजाही होते. म्हणून फुंकताना पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा कमी असते, आणि पळताना पोरगा लवकर थांबतो. खेळ बंद करायचा नाही, उलट रोज खेळायला हवं, मधे थांबत थांबत. मी नेमकं उलटं करत होतो.

जाणार असाल तर सैल शर्ट घाला, पोट टम्म भरून जाऊ नका. पंप चालू असेल तर सकाळचा घ्यायचा की नाही ते आधीच विचारा, फोनवर आपणहून सांगत नाहीत. जन्माच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड न्या आणि फॉर्मवर रकाना नसला तरी वरच्या कोपऱ्यात आठवडा लिहा, ठळक.