तिलारीजवळचा होमस्टे: महाधनेशासाठी दोन दिवस

महाधनेश हा मोठ्या चोचीचा पक्षी बघायला मार्चमध्ये आई-बाबांना घेऊन इथं दोन रात्री राहिलो. खोल्या साध्या, अंघोळीला चुलीवरचं पाणी, जेवायला कुळथाची पिठी-भात. पण पैकीच्या पैकी गुण मालक दादांना. ढोलीच्या झाडापासून चांगलं लांब त्यांनी आम्हाला बसवलं, फ्लॅश बंद करायला लावला. मादी ढोलीचं तोंड लिंपून आत बसते, नुसती चीर उरते. कित्येक आठवडे नरच तिला भरवतो. तो बुजला तर आतले जीव उपाशी! तासाभरानं पंखांची घरघर ऐकू आली. लाल डोळ्यांचा नर. गळ्यातून एकेक उंबर चोचीच्या टोकाशी आणून तो चिरेतून आत देत होता. बाबांनी तर श्वासच रोखला होता.

२०१८ पासून हा पक्षी आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या धोक्यातल्या जीवांच्या यादीत ‘असुरक्षित’ गटात आहे. घरट्याला जुनं, ढोलीचं झाडच लागतं, आणि नेमकी तीच झाडं तुटतात. मागं दुसऱ्या एका ठिकाणी गाइडनं मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावले होते; तिथं पुन्हा जाणार नाही. इथं नक्की जाईन. दुर्बीण मात्र घरून न्या, दादांकडे एकच आहे.