मंडळात बसून की बाहेर राहून?

तेल, वायू आणि खनिजांच्या उत्पन्नाचा हिशेब लोकांसमोर यावा, यासाठी झटणाऱ्या नागरी संघटनांपुढे दोन मार्ग आहेत. पहिला ‘ईआयटीआय’चा, म्हणजे ‘एक्स्ट्रॅक्टिव्ह इंडस्ट्रीज ट्रान्सपरन्सी इनिशिएटिव्ह’चा. 2003 मध्ये तत्त्वे ठरलेल्या या आंतरराष्ट्रीय उपक्रमात सरकार, कंपन्या आणि नागरी संघटना एकाच मंडळात बसतात. त्यातला ताळमेळाचा तक्ता साधाच असतो: एका रकान्यात कंपनीने भरल्याचे सांगितलेली रक्कम, शेजारी सरकारने मिळाल्याचे सांगितलेली आणि पुढे दोहोंतली तफावत. त्या तफावतीचा जाब समोरासमोर विचारता येतो, हेच त्या खुर्चीचे खरे मोल.

दुसरा मार्ग बाहेरून दबाव आणण्याचा. 1999 मध्ये ग्लोबल विटनेस या संघटनेने अंगोलातील तेलाच्या पैशांवर अहवाल काढला. 2001 मध्ये बीपी या ब्रिटिश तेल कंपनीने तिथल्या सरकारला दिलेल्या रकमा जाहीर करण्याची तयारी दाखवली, तेव्हा अंगोलाची सरकारी तेल कंपनी सोनांगोलने करार रद्द करण्याची धमकी दिली. हे काम एकेका कंपनीच्या सदिच्छेवर सोडता येत नाही, हे तेव्हाच उघड झाले. म्हणून 2002 मध्ये सुरू झालेल्या ‘पब्लिश व्हॉट यू पे’ मोहिमेने अशा रकमा जाहीर करण्याची कायद्याने सक्ती मागितली आणि युरोपीय संघाने 2013 मध्ये तसा नियम केलाही.

माझा कल दुसऱ्या मार्गाकडे आहे, कारण मंडळातली जागा शेवटी सरकारच्या मर्जीवर टिकते. नागरी संघटनांवरील निर्बंधांमुळे 2017 मध्ये निलंबन होताच अझरबैजानने उपक्रमच सोडला. मात्र युरोपचा कायदा सोनांगोलसारख्या कंपनीपर्यंत पोहोचत नाही. तिथे ‘ईआयटीआय’चा तो तक्ताच हाती असतो.