पोपटमासा, ४ फुटी टाकी आणि राजारामपुरीतील एक दुकान

कोल्हापुरातील राजारामपुरीच्या ज्या दुकानाकडून मी गेल्या वर्षी ३०० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी बसवून घेतली, त्यांच्या कामाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती मासे विकण्याच्या पद्धतीबद्दल. टाकी बसवणाऱ्या कारागिराने नळाचे पाणी न वापरता आरओचेच पाणी घेतले, लिटरमागे ३५ ग्रॅमच्या हिशेबाने मीठ विरघळवले आणि माशांना विषारी असणारे अमोनिया व नायट्राइट शून्यावर येईपर्यंत, म्हणजे तब्बल सहा आठवडे, टाकीत एकही मासा सोडू दिला नाही. शिवाय बॅटरीवर चालणारा हवेचा पंपही त्याने आपणहून जोडला. पावसाळ्यात कोल्हापुरात वीज किती वेळा जाते, हे त्याला पक्के ठाऊक होते.

पुढे मी पोपटमासा, म्हणजे प्रवाळ खडकांवर चरणारा समुद्री मासा, मागितला, तेव्हा मालकांनी आधी नारिंगी, गोलमटोल ब्लड पॅरट दाखवला. तो गोड्या पाण्यातील सिक्लिड कुळातला संकरित मासा असून प्रवाळाशी त्याचा काडीचाही संबंध नाही, हे मी सांगितल्यावर आठवड्याभराने पांढऱ्या अंगाचे, डोक्याभोवती नारिंगी पट्टा असलेले दोन इंची पिल्लू आले. दिसायला ते इतके देखणे होते की, "काका, हा एवढाच राहतो," या वाक्यावर मी विश्वास ठेवला. प्रत्यक्षात ही दुरंगी जात अडीच फुटांपर्यंत वाढते आणि वयाबरोबर तिचा रंगही पार पालटतो. एकमेकांत मिसळलेल्या दातांच्या चोचीने हा मासा खडकावरचे शेवाळ चुन्यासकट खरवडतो, घशातील दुसऱ्या दातांनी ते दळतो आणि त्याची वाळू करून बाहेर टाकतो. प्रवाळ बेटांवरील पांढऱ्या वाळूचा मोठा भाग याच गिरणीतून येतो. असा मासा अख्ख्या प्रवाळ खडकावर दिवसभर चरतो. माझ्या टाकीतील चार दगड त्याने आठ दिवसांत स्वच्छ केले, खाद्याच्या गोळ्यांकडे ढुंकूनही पाहिले नाही, आणि तिसऱ्या आठवड्यात त्याचे पोट आत गेलेले दिसू लागले.

दुकानाने बराच वाद घातल्यानंतर तो परत घेतला, पण किंमत निम्मीच दिली. पाणी बदलायला त्यांचाच मुलगा महिन्यातून दोनदा येतो आणि ते काम तो चोख करतो, म्हणून ती सेवा मी चालू ठेवली आहे. मासा घेताना मात्र मोठेपणी तो किती इंच होतो, हे आता मी घरूनच वाचून जातो.