बाईकचं जीपीएस म्हणून कारचं युनिट गळ्यात मारतात, ते असं ओळखा

दुरुस्तीला आलेल्या एका युनिटची ही हकिकत आहे. जाहिरातीत लिहिलं होतं: ‘मोटरसायकल जीपीएस, पाच इंची स्क्रीन, आयपीएक्स७ वॉटरप्रूफ, ब्लूटूथ, लाइफटाइम फ्री मॅप’. घेणाऱ्याने ते ऑनलाइन मागवून हँडलवर बसवलं आणि कोरड्या दिवसांत ते नीट चाललं. पहिल्या मोठ्या पावसात काचेच्या आतून वाफ धरली, मग स्क्रीनवरची बटणं आपोआप दाबली जाऊ लागली आणि शेवटी युनिट बंद पडलं. विक्रेत्याने कळवलं की परतीची मुदत संपली आहे आणि आत पाणी गेल्यामुळे वॉरंटीही लागू होत नाही. वॉटरप्रूफ म्हणून विकलेल्या वस्तूची वॉरंटी पाण्याचंच कारण देऊन नाकारायची, ही उघड लबाडी आहे आणि ती सर्रास चालते.

मागचे चार स्क्रू काढून युनिट उघडलं. दोन्ही कवचांच्या मधे रबरी गॅस्केटसाठी खाच असायला हवी, ती साच्यातच नव्हती. डिस्प्लेभोवती फोमची पातळ दुहेरी चिकटपट्टी होती आणि एका कोपऱ्यात तिची दोन टोकं एकमेकांना भिडतच नव्हती. स्पीकरची भोकं थेट बोर्डावर उघडत होती, मधे पडदा नाही. यूएसबी पोर्टवर रबरी झाकण होतं, पण ते नुसतं टेकलेलं. पोर्टच्या पायांवर हिरवट गंज चढला होता आणि बॅटरी फुगली होती. बोर्डावर एफएम ट्रान्समीटरही सापडला. तो कशासाठी असतो, तर नेव्हिगेशनचा आवाज कारच्या रेडिओवर ऐकू यावा म्हणून. थोडक्यात, हे कारचं युनिट होतं. कवच बदलून आणि हँडलचा क्लॅम्प देऊन ते बाईकचं म्हणून विकलं होतं.

यातली जवळजवळ प्रत्येक खोट युनिट न उघडता, परतीच्या मुदतीत पकडता येते. त्यासाठी जाहिरातीतल्या शब्दांचा नेमका अर्थ माहीत हवा.

सगळ्यात जास्त फसवणूक ‘वॉटरप्रूफ’ या शब्दावर होते. आयपी हे रेटिंग आयईसी ६०५२९ या मानकातलं आहे. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. आकड्याच्या जागी एक्स असेल तर ती चाचणी सांगितलेली नाही. पाण्याचा ७ म्हणजे एक मीटर खोल साध्या पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवल्यावर नुकसान होईल इतकं पाणी आत गेलं नाही. पाणी स्थिर, वस्तूही स्थिर. पाण्याच्या झोताची चाचणी वेगळी आहे: ५ साठी मिनिटाला साडेबारा लिटरचा झोत, ६ साठी मिनिटाला शंभर लिटरचा. हायवेच्या वेगात समोरून येणारा पाऊस हा झोताच्याच जातीचा असतो. ७ मिळालं म्हणजे ५ किंवा ६ आपोआप मिळत नाही, मानकातच हे दोन प्रकार वेगळे धरले आहेत. दोन्ही चाचण्या पार केलेला उत्पादक दोन्ही रेटिंग लिहितो. नुसतं ‘वॉटरप्रूफ’, ‘रेनप्रूफ’ किंवा ‘स्प्लॅशप्रूफ’ लिहिलं असेल आणि आकडा नसेल, तर ती वस्तू पावसासाठी नाही असं समजून पुढे जा.

पण खरी मेख वेगळीच आहे. अशा स्वस्त युनिटचं रेटिंग, असलंच तरी, पोर्टचं झाकण बंद असतानाचं असतं. बाईकवर ते झाकण कधी बंद असतं? युनिटची बॅटरी दोन-तीन तास टिकते, म्हणून चार्जिंगची वायर दिवसभर लावलेली, झाकण दिवसभर उघडं. तेव्हा खरेदीआधी एकच प्रश्न विचारायचा: चालत्या बाईकवर वीज युनिटमध्ये कुठून जाते? बाईकसाठीच बनवलेल्या युनिटमध्ये ती माउंटमधून, पाठीवरच्या धातूच्या संपर्कबिंदूंतून जाते. माउंटची वायर बॅटरीकडे कायमची जोडलेली असते आणि युनिटचा यूएसबी पोर्ट झाकणाखाली बंदच राहतो. पाठीवर असे संपर्कबिंदू नसतील तर जाहिरात काहीही म्हणो, पावसात ते चालेल असं धरून चालू नका. फोटोत पाठ दाखवलेली नसेल तर पाठीचा फोटो मागा. तो द्यायला टाळाटाळ झाली तर तिथेच थांबा.

विक्रेत्याला लेखी विचारा: ‘चार्जिंगची वायर लावलेली असताना हे युनिट पावसात चालेल का?’ उत्तर ‘हो’ आलं तर ते जपून ठेवा आणि युनिट हातात आल्यावर, मुदतीच्या आत, माउंटवर बसवून वीज चालू ठेवून दहा मिनिटं नळाच्या पाण्याखाली तपासा. लेखी उत्तर हातात नसताना ही चाचणी करू नका, नाहीतर ‘पाणी तुम्हीच घातलंत’ हे ऐकावं लागेल.

दुसरा शब्द ‘लाइफटाइम मॅप’. वर सांगितलेल्या युनिटमध्ये विंडोज सीई होतं. या जुन्या प्रणालीच्या शेवटच्या आवृत्तीचाही आधार मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये थांबवला. वर नेव्हिगेशनचं सॉफ्टवेअर चोरीचं, परवान्याच्या फाइलसकट नक्कल केलेलं. हे ओळखणं अवघड नाही. सेटिंगमध्ये ‘नेव्हिगेशन पाथ’ असा पर्याय दिसतो, म्हणजे कार्डावरची कोणती फाइल चालवायची ते तुम्हीच निवडायचं. स्वतःचं सॉफ्टवेअर देणारी कंपनी असला पर्याय ठेवत नाही. युनिट कॉम्प्युटरला जोडलं तर मेमरी कार्डासारखं उघडतं आणि नकाशांच्या फाइल्स उघड्यावर पडलेल्या दिसतात, बहुतेकदा एफबीएल प्रकारच्या. इथे ‘अपडेट’ म्हणजे विक्रेत्याने ईमेलवर पाठवलेली डाउनलोड लिंक. विक्रेत्याने दुकान बंद केलं की अपडेटही गेलं.

खऱ्या उत्पादकाचा स्वतःचा अपडेट प्रोग्रॅम असतो. त्यात युनिटचा सिरियल नंबर नोंदवला जातो आणि कोणत्या आवृत्तीचा, कोणत्या प्रदेशाचा नकाशा बसवला आहे ते दिसतं. त्यातला प्रदेश नीट वाचा. दुसऱ्या खंडासाठी बनवलेलं युनिट स्वस्तात मिळालं, तर तुमच्या भागाचा नकाशा वेगळा विकत घ्यावा लागतो आणि स्वस्ताई तिथेच संपते. नामांकित कंपन्यांचं ‘लाइफटाइम’सुद्धा तुमच्या आयुष्याचं नसतं. बारीक अक्षरात ते युनिटच्या ‘उपयुक्त आयुष्या’पुरतं असतं आणि ते किती हे कंपनी ठरवते. २०१८ मध्ये एका मोठ्या युरोपीय कंपनीने आपल्या बऱ्याच जुन्या मॉडेलांचे ‘लाइफटाइम’ नकाशे थांबवले, तेव्हा ग्राहकांना हे कळलं. म्हणून बाजारातून निघालेलं मॉडेल ‘लाइफटाइमसह’ म्हणून घेताना ते अपडेट होणाऱ्या मॉडेलांच्या यादीत अजून आहे का, हे उत्पादकाच्या संकेतस्थळावर पाहा. नकाशा खरंच ताजा आहे का, याची सोपी परीक्षा आहे: तुमच्या ओळखीचा, गेल्या दोन वर्षांत सुरू झालेला एखादा पूल किंवा बाह्यवळण रस्ता त्यात शोधा.

जुना माल नवा म्हणून खपवतात, तो पकडायची आणखी एक जागा म्हणजे तारीख. जीपीएसच्या मूळ संदेशात आठवड्याचा क्रमांक दहा बिटांत येतो. तो १०२३ पर्यंत जातो आणि पुन्हा शून्यावर येतो. असं १९९९ च्या ऑगस्टमध्ये झालं आणि पुन्हा ६ एप्रिल २०१९ च्या रात्री. ज्या युनिटच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे आतल्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, ही दुरुस्ती नाही, ते १०२४ आठवडे, म्हणजे साडेएकोणीस वर्षांहून थोडी जुनी तारीख दाखवतं. मोकळ्या आकाशाखाली उपग्रह मिळाल्यावर युनिटने स्वतः घेतलेली तारीख पाहा. ती अशी मागे गेलेली असेल तर युनिटचं फर्मवेअर कुणी कधी सांभाळलेलं नाही. पहिल्यांदा चालू करताना मात्र धीर धरा. उपग्रहांचं पूर्ण वेळापत्रक उतरायला साडेबारा मिनिटं लागतात, म्हणून पहिली पंधरा मिनिटं मोकळ्यावर ठेवून मगच मत बनवा.

आता एक नवा प्रकार. हँडलवर बसणारी, कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो दाखवणारी स्क्रीन ‘बाईक जीपीएस’ या नावाने विकतात. यातल्या बहुतेकांत नेव्हिगेशन असं काही नसतंच. नकाशा, स्थान, इंटरनेट सगळं फोनचं, स्क्रीन फक्त ते दाखवते. वस्तू म्हणून ती वाईट नाही, उलट काहींसाठी तीच योग्य आहे: फोन खिशात सुरक्षित राहतो. इंजिनाच्या जोरदार कंपनांमुळे आयफोनच्या कॅमेऱ्यातल्या स्थिरीकरणाचं नुकसान होऊ शकतं, असा इशारा ॲपलने २०२१ मध्ये दिलाच आहे. पण ज्याला फोन बंद असतानाही चालणारं युनिट हवं, त्याला ही स्क्रीन जीपीएस म्हणून विकणं ही फसवणूक आहे. परीक्षा एका ओळीची: फोन पूर्ण बंद करा आणि स्क्रीनवर तुमचं स्थान दिसतं का पाहा. खरेदीआधी हाच प्रश्न विक्रेत्याला लेखी विचारा. ‘सपोर्ट्स जीपीएस नेव्हिगेशन’ असं गोल उत्तर आलं तर ते ‘नाही’ समजा.

ब्लूटूथचं तसंच. कारच्या युनिटमधलं ब्लूटूथ फोनला जोडून त्याचे कॉल स्वतःच्या स्पीकरवर घेण्यासाठी असतं. बाईकवर उलट गरज आहे: युनिटने वळणाच्या सूचना हेल्मेटमधल्या इंटरकॉमला पाठवायच्या. ‘ब्लूटूथ आहे’ हे दोन्हींबद्दल खरं, म्हणून जाहिरात खोटी ठरत नाही आणि तुम्ही मात्र गप्प युनिट घेऊन बसता. युनिटच्या ब्लूटूथ यादीत हेडसेट शोधता आणि जोडता येतो का, आणि सूचना त्यात ऐकू येते का, हे घरात बसून पाच मिनिटांत तपासून होतं.

स्क्रीन दुकानातल्या उजेडात पाहू नका. दुपारच्या उन्हात, गडद व्हायझर लावून पाहा. कारच्या स्क्रीनची प्रखरता उन्हात अपुरी पडते, हजार निट्सच्या (निट हे प्रखरतेचं माप) आसपास असेल तर वाचता येते. पोलराइज्ड गॉगल वापरत असाल तर तो घालूनही पाहा, काही स्क्रीन एका कोनात पूर्ण काळ्या दिसतात. हातमोजे तुमचेच घालून टच तपासा आणि मग काचेवर पाण्याचे थेंब टाकून पुन्हा तपासा.

जीपीएक्स फाइल, म्हणजे आधी आखलेल्या रस्त्याचे बिंदू साठवणारी फाइल, युनिटमध्ये टाकून पाहा. ठरवलेला घाटरस्ता त्यातल्या मधल्या थांब्यांसकट उतरला पाहिजे. काही युनिट फक्त शेवटचा बिंदू घेतात आणि मधला रस्ता स्वतःच्या मनाने जवळचा काढतात. काही नुसती रेघ दाखवतात, सूचना देत नाहीत. ‘जीपीएक्स सपोर्ट’ हे शब्द तिन्हींच्या खोक्यावर सारखेच असतात.

खोक्यात काय निघतं तेही बोलकं असतं. काचेला चिकटवायचा रबरी सक्शन कप आणि सिगारेट लायटरचा चार्जर निघाला, तर मूळ वस्तू कारची. बाईकच्या किटमध्ये उघड्या टोकांची, फ्यूज असलेली वायर येते आणि बारा व्होल्टचे पाच करणारा भाग तिच्यातच किंवा माउंटमध्ये सीलबंद असतो. ती इग्निशननंतरच्या लाइनवर जोडा, नाहीतर उभ्या बाईकची बॅटरी उतरते. सोबतची वायर फार बारीक असेल तर युनिट चालू असताना तिच्या टोकाला मल्टिमीटर लावून पाहा. पाच व्होल्टऐवजी साडेचारच्या आसपास दिसलं, तर चार्जिंगचं चिन्ह दिसत असतानाही बॅटरी उतरत जाईल.

वापरलेलं युनिट घेताना सिरियल नंबर युनिटच्या मेनूमधला पाहा, खोक्यावरचा नाही, आणि दोन्ही जुळतात का बघा. पिन लॉक काढून घ्या, जुन्या मालकाच्या खात्यातून युनिट त्याच्याचकडून तुमच्या समोर काढून घ्या. ‘घरी गेल्यावर काढतो’ म्हणणाऱ्याला पैसेही घरी गेल्यावरच द्या.

नकाशा अपडेट करायच्या वेळी दुसरी टोळी टपलेली असते. सर्च केल्यावर वर येणाऱ्या जाहिरातींत उत्पादकाच्या नावाची नक्कल केलेली संकेतस्थळं असतात. तिथे ‘एरर’ दाखवून हेल्पलाइनचा नंबर देतात, पलीकडचा माणूस कॉम्प्युटरचा ताबा मागतो आणि फी किंवा ‘वार्षिक प्लॅन’ विकतो. गार्मिन एक्स्प्रेससारखे उत्पादकांचे अपडेट प्रोग्रॅम फुकट असतात आणि त्यांना तुमच्या कॉम्प्युटरचा रिमोट ताबा लागत नाही. पत्ता युनिटच्या माहितीपुस्तिकेतून घेऊन स्वतः टाइप करा.

फसवणूक झालीच, तर हातात पुरावा हवा. जाहिरातीचं पान विकत घेतल्या दिवशीच पूर्ण स्क्रीनशॉट करून ठेवा, कारण तक्रार आली की मजकूर बदलतो. खोकं फोडताना सलग व्हिडिओ काढा, त्यात पार्सलवरचं लेबल आणि सिरियल नंबर दिसू द्या. तक्रारीत ‘खराब निघालं’ लिहू नका, त्यावर दुरुस्तीचा किंवा थोडे पैसे परत देण्याचा प्रस्ताव येतो आणि त्या घोळात मुदत संपते. ‘वर्णनाप्रमाणे वस्तू नाही’ असं लिहा आणि खाली जाहिरातीतलं वाक्य व चाचणीचा फोटो शेजारी शेजारी ठेवा. बोलणं विक्री-मंचाच्या संदेशातच करा, खासगी चॅटवर जाऊ नका. पूर्ण रक्कम परत येईपर्यंत ‘समस्या सुटली’चं बटण दाबू नका, आणि कार्डाने पैसे दिले असतील तर बँकेकडे तक्रार करायची मुदत वेगळी चालू असते, ती त्याच दिवशी विचारून घ्या.