फुकटचे डेमो मी २४४ डॉलरना विकत घेतले

आकडा आधीच सांगून टाकतो, शेवटी सांगायला जीभ रेटणार नाही. १४९, मग ३५, मग ६०. एकूण २४४ डॉलर. बदल्यात मला जे मिळालं ते कोणीही कंपन्यांच्या साइटवरून फुकट उतरवून घेऊ शकतो.

घरच्या कॉम्प्युटरवर इलेक्ट्रॉनिक संगीत करायचं खूळ डोक्यात शिरलं. (वय विचारू नका.) पहिले तीन आठवडे एक सूर न लावता फक्त 'कुठलं सॉफ्टवेअर घेऊ' यातच गेले. एबलटन की एफएल स्टुडिओ, सिंथ (कॉम्प्युटरवर आवाज तयार करणारं वाद्य) कुठला, ऑडिओ इंटरफेस (माइक-वाद्यं कॉम्प्युटरला जोडायचा डबा) आत्ताच हवा का. त्या गोंधळात जाहिरातीतून हा विकणारा भेटला. त्याचं 'स्टार्टर बंडल' होतं: एफएल स्टुडिओची सगळ्यात वरची आवृत्ती, आठ प्लगिन (त्यात जोडायची वाद्यं आणि इफेक्ट), सॅम्पलचं, म्हणजे तयार आवाजांचं भलंमोठं फोल्डर आणि महिनाभर चॅटवर शिकवणी. सगळं 'सेकंडहँड लायसन्स', म्हणून फक्त १४९.

सेकंडहँड लायसन्स म्हटल्यावर हसू नका. काही कंपन्या लायसन्स दुसऱ्याच्या नावावर करू देतात, मी वाचून गेलो होतो. ते कंपनीच्या साइटवरच्या खात्यातून होतं, विकणाऱ्याने धाडलेल्या पीडीएफमधून नाही, एवढंच वाचायचं राहिलं. मला पीडीएफ आली. सोनेरी किनार, मधोमध माझं नाव, खाली 'आजीवन अपडेट'. एफएल स्टुडिओ विकत घेणाऱ्याला पुढचे अपडेट फुकट असतात हे खरंच आहे, त्यामुळे तो शब्द वाचून मी आणखीच निर्धास्त झालो. ती पीडीएफ मी प्रिंटसुद्धा करणार होतो.

आता तुम्ही म्हणाल, एवढा कसा बावळट. तर ऐका. त्या माणसाला काम येत होतं. कॉम्प्युटरला जोडलेल्या, पेटीसारख्या पट्ट्यांच्या मिडी कीबोर्डची पट्टी दाबली की आवाज उशिरा यायचा. त्याने एएसआयओफोरऑल हा फुकटचा ड्रायव्हर टाकायला लावला आणि बफर (आवाज बाहेर सोडण्याआधी कॉम्प्युटर जेवढा साठवतो तो) २०४८ वरून २५६ सॅम्पलवर आणायला सांगितला. हिशेब साधा आहे: सेकंदभराच्या आवाजाचे ४४,१०० बारीक तुकडे, म्हणजे इथले सॅम्पल, म्हणजे २०४८ ला जवळजवळ ४६ मिलिसेकंद आणि २५६ ला सहाच्याही आत. पट्टी दाबताक्षणी आवाज! किकचा (मोठ्या ड्रमचा) ठोका पडला की बास, म्हणजे खालचा जाड सूर, क्षणभर दबला पाहिजे, त्यासाठी साइडचेन कसं लावायचं तेही त्यानेच शिकवलं. भामट्याला इतकं येत असेल असं कुणाला वाटतं? मला नाही वाटलं.

आणि आता ती जागा, जिथे माझे कान उघडे होते आणि अक्कल बंद.

बंडलमधल्या मुख्य सिंथमधून दर चाळीस-पन्नास सेकंदांनी 'स्स्स' असा आवाज यायचा. एकसारखा, स्वच्छ, दोनेक सेकंद, मग गायब. मी हेडफोन बदलला, केबल बदलली. इक्वलायझरने वरच्या फ्रीक्वेन्सी कापल्या, तर गाणंच घोंगडीखाली गेल्यासारखं झालं. शेवटी तो 'स्स्स' जिथे पडेल तिथे मी ड्रॉप (गाण्यात ठेका जोरात पडतो ती जागा) ठेवायला लागलो! त्याला विचारलं तर म्हणाला, "ब्रो, बफर कमी पडतोय, ५१२ कर." केला. 'स्स्स' तसाच.

बफर कमी पडला की आवाज तडतडतो. प्रोजेक्ट जड झाला की तडतडतो, कधीही, कसाही. तो घड्याळ लावून येत नाही. दिवसातून चार तास मी ते ऐकत होतो आणि हे माझ्या लक्षात आलं नाही. भाचीने एकदा ऐकून विचारलं, "मामा, हे मधेमधे फुस्स होतं ते मुद्दाम ठेवलंय का?" मी तिला म्हटलं, असू दे, टेक्श्चर आहे. टेक्श्चर! तिचा मामा मी होतोच, त्याने वेगळा बनवायची गरज नव्हती. बऱ्याच प्लगिनचे फुकट डेमो ठरावीक वेळाने असा आवाज सोडतात किंवा गप्प होतात, विकत घेतलं की ते थांबतं. मला विकलेला सिंथ तसा डेमो होता.

एफएल स्टुडिओचंही तेच. फुकटच्या ट्रायलमध्ये प्रोजेक्ट सेव्ह होतो, पण बंद केल्यावर परत उघडत नाही; त्यासाठी विकत घ्यावं लागतं. हे कंपनी लपवत नाही, मीच वाचलं नव्हतं. पठ्ठ्याने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "ट्रान्सफर होईपर्यंत प्रोजेक्ट बंद करू नको, कॉम्प्युटर स्लीपवर ठेव." मी अकरा दिवस ठेवला. बाराव्या रात्री विंडोजने अपडेट घेऊन स्वतःच रीस्टार्ट मारला. सकाळी प्रोजेक्ट उघडेना.

मग 'ट्रान्सफर फी' ३५ डॉलर. आयलॉक या लायसन्स सांभाळणाऱ्या सेवेवर अशी फी असते हे ऐकून होतो, भरली. मग 'परत मिळणारं डिपॉझिट' ६० डॉलर. तेही भरलं. का, ते विचारू नका. आधी गेलेले १८४ वाचवायला माणूस आणखी ६० घालतोच. त्यानंतर दोन निळ्या टिका, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याचा फोटोच दिसेना.

पैसे पाठवताना तो म्हणाला होता, "मित्र-नातेवाईक हा पर्याय निवड, कमिशन वाचतं." हे वाक्य कुणीही उच्चारलं की चॅट तिथेच बंद करा. त्या पर्यायाला खरेदीचं संरक्षण नसतं. ॲपवाल्यांनी तेच ऐकवलं: तुम्ही भेट पाठवलीत, खरेदी केली नाहीत. बँक म्हणाली, व्यवहार तुम्हीच मंजूर केलात, ॲपवाल्यांशी बोला. ॲपवाले म्हणाले, बँकेशी बोला. चार वेळा. प्रत्येक वेळी नवा माणूस, प्रत्येक वेळी पहिल्यापासून कहाणी, आणि मधे होल्डवर जे संगीत वाजायचं त्यात किकसुद्धा नव्हता.

सायबर शाखेत पाऊण तास बसलो. साहेबांनी डीएडब्ल्यू (गाणी बनवायचं सॉफ्टवेअर) म्हणजे काय विचारलं, मी सांगितलं. प्लगिन सांगितलं, लायसन्स सांगितलं. शेवटी ते म्हणाले, "म्हणजे तुम्ही स्वस्तात चोरीचं सॉफ्टवेअर घ्यायला गेलात?" चोरीचं नव्हतं हो, फुकटचं होतं! हे बोलताना आपला आपल्यालाच आवाज ऐकू येतो, तेव्हा काय वाटतं ते तुम्ही समजून घ्या. फॉर्मवर 'फसवणुकीची वस्तू' असा रकाना होता. त्यात त्यांनी 'गाणी' लिहिलं. सात आठवडे झाले. फोन केला की 'प्रक्रियेत आहे'. कोणाच्या प्रक्रियेत, ते त्यांनाही माहीत नाही. सरळ उत्तर एकाच ठिकाणाहून आलं, सॉफ्टवेअर कंपनीकडून, दोन ओळींचं: तुमच्या नावावर आमच्याकडे एकही लायसन्स नाही.

सुरुवात करणाऱ्यांनी एक पैसा घालायच्या आधी हे बघा. गाणी बनवायचं सॉफ्टवेअर हवं तर रीपर ६० दिवस सगळ्या सोयींसह वापरून पाहता येतं. एलएमएमएस फुकट आहे, मॅक असेल तर गॅरेजबँड फुकट आहे. सिंथ हवा तर सर्ज एक्सटी घ्या, व्हायटलची साधी आवृत्ती घ्या, दोन्हींना पैसे लागत नाहीत आणि दोन्ही फुस्स करत नाहीत. विकत घ्यायचंच तर बनवणाऱ्याच्याच साइटवरून, आणि लायसन्स तुमच्या खात्यात दिसेपर्यंत ते तुमचं नाही, सर्टिफिकेटला कितीही सोनेरी किनार असो. कोणी अँटिव्हायरस बंद करायला लावलं तर तो माझ्यावाल्यापेक्षाही वाईट.

माझ्या त्या प्रोजेक्टमधून आधी काढून ठेवलेला एक एमपीथ्री तेवढा उरलाय. तीन मिनिटं वीस सेकंद, चार वेळा 'स्स्स'. त्याच्या जाहिरातीची तक्रार केली होती, त्यावर 'नियमभंग आढळला नाही' असं उत्तर आलं. काल पाहिलं, जाहिरात तशीच आहे. बंडल आता १२९ ला आहे.