घरी कम्युनियन आणि रुग्णाभ्यंग: वसईतल्या आमच्या चर्चच्या सेवेचा ११ महिन्यांचा अनुभव

चर्चच्या सेवेला कोण स्टार देतं का, असं मम्मीने विचारून झालंय. पण फिजिओला दिले, नर्सिंग ब्युरोला दिले (त्यांना १, कारण नको विचारू), मग हे लिहायला काय हरकत आहे. चर्चचं नाव टाकत नाही कारण तक्रार पण करायचीय.

पप्पांना गेल्या वर्षी स्ट्रोक आला, उजवी बाजू गेली, गिळायला त्रास म्हणून नाकातून नळी आणि छाती खराब त्यामुळे ऑक्सिजनचं मशीन दिवसरात्र चालू. हा माणूस रविवारची सहाची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, कधी चुकवायचा नाही, आदल्या रात्री लग्नातून दोनला आलेला असला तरी. त्यामुळे घरी आणल्यावर पहिल्याच आठवड्यात, त्यांना घरी कम्युनियन (मिस्सेत देतात ती पवित्र भाकर) मिळावी म्हणून, मी चर्चच्या ऑफिसला फोन केला.

इथेच एक स्टार जातो. चार दिवस फोन कोणी उचलला नाही, व्हॉट्सॲपवर निळ्या टिका आल्या आणि त्यावरच थांबलं, शेवटी मी स्वतः गेले तर क्लार्क म्हणाला आधी वर्गणीचं कार्ड दाखवा. आजारी माणसाला कम्युनियन आणायचा आणि वर्गणीचा काय संबंध? नंतर फादरांना सांगितलं तर ते पण डोक्याला हात लावून बसले. तेव्हा ऑफिसच्या नादी लागू नका, रविवारी मिस्सा संपल्यावर सरळ सॅक्रिस्टीच्या (फादरांच्या तयारीच्या खोलीच्या) दारात फादरांना गाठा नाहीतर वाडीतल्या एससीसीवाल्यांना (चर्चच्या वाडीतल्या छोट्या गटाला) सांगा, दोन मिनिटांत काम होतं.

एक गोष्ट मला पण माहीत नव्हती. कम्युनियन घरी आणायला फादरच लागतात असं नाही, १९७३ पासून प्रापंचिक माणसांना पण तशी परवानगी मिळू शकते. अशी परवानगी असलेल्यांना मिनिस्टर म्हणतात. आमच्याकडे येणारे मिनिस्टर काका बँकेतून रिटायर झालेत, ज्युपिटर स्कूटरवर येतात, गळ्यात कापडी पिशवी आणि तिच्यात कम्युनियनची छोटीशी गोल डबी. पण आजाऱ्याला आशीर्वादाचं तेल लावण्याचा संस्कार, म्हणजे रुग्णाभ्यंग, तो फक्त फादर किंवा बिशपच करू शकतात. मम्मी काकांना म्हणाली होती, भाऊ तुम्हीच लावून टाका ना, ते बिचारे घाबरलेच.

काकांना ५ पैकी ५. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी साडेनऊ म्हणजे साडेनऊ. पहिल्यांदा आले तेव्हा मम्मीने टेबलावर पांढरं कापड, क्रूस, दोन मेणबत्त्या पेटवून अगदी नीट मांडलं होतं, आणि काकांनी दारातूनच मशीनचा आवाज ऐकला, काही न बोलता आत आले आणि दोन्ही मेणबत्त्या विझवल्या. ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत ज्योत नको हे आम्हाला कोणालाच सुचलं नव्हतं, हॉस्पिटलने पण सांगितलं नव्हतं! आता सेलवाल्या मेणबत्त्या आणल्यात, त्या एवढ्या लुकलुकतात की डिस्कोमध्ये बसल्यासारखं वाटतं पण असो.

गिळण्याचा प्रश्न होता. काका होस्टचा, म्हणजे कम्युनियनच्या पातळ भाकरीचा, तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा मोडतात, स्पीच थेरपिस्टने घट्ट केलेलं पाणी चमच्याने चालेल सांगितलंय त्याच्यातून देतात, आणि गिळेपर्यंत थांबतात, कधी कधी पाच मिनिटं. ज्या दिवशी पप्पांना जमत नाही त्या दिवशी जबरदस्ती नाही, नुसती प्रार्थना म्हणतात आणि डबी बंद करून घेऊन जातात. मम्मी पहिले तीन महिने सकाळपासून उपाशी बसायची कम्युनियनसाठी, डायबेटिस असून. कम्युनियनच्या आधी एक तासाचाच उपवास असतो आणि आजाऱ्याला आणि त्याची काळजी घेणाऱ्याला तर तोही लागू नाही, हे काकांनी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, आधी सांगायचं ना. काका चहा मात्र घेत नाहीत, डबीत अजून चार घरांचं असतं म्हणून. मम्मीला याचा राग. आता आम्ही यादीत शेवटचं घर करून घेतलंय.

आता रुग्णाभ्यंगाचं. हे बोलवायला आम्ही पाच महिने घालवले, कारण मम्मी म्हणायची तेल घेऊन फादर आलेले पाहिले की पप्पांना वाटेल आपलं संपलं. शेजारची आंटी तर म्हणाली इतक्यात कशाला बोलावताय. अहो १९६३ सालीच व्हॅटिकन काउन्सिलने (जगभरच्या बिशपांच्या सभेने) सांगितलंय की हा संस्कार शेवटच्या घटकेसाठीच नाही, आजारपणाने किंवा म्हातारपणाने जिवाला धोका सुरू झाला की घ्यायचा, मग १९७२ साली विधी पण बदलला. तब्येत सुधारून परत बिघडली तर परत घेता येतो, मोठ्या ऑपरेशनच्या आधी पण घेता येतो. आमच्या वाडीत ही बातमी अजून पोचायचीय. मरताना द्यायची असते ती कम्युनियनच, तिचं वेगळं नाव आणि वेगळ्या प्रार्थना आहेत.

पहिल्यांदा आलेले फादर सहा मिनिटांत गेले, मी घड्याळ बघितलं. मध्ये त्यांचा फोन वाजला, आणि पप्पांचं नाव चुकीचं घेतलं, मम्मीने दुरुस्त केलं तर परत चुकीचंच. संस्कार तो संस्कारच, मान्य आहे, पण घरच्यांना लागतं ना.

जूनमध्ये फादर बदलले आणि आजाऱ्यांची यादी पण गायब झाली, दोन महिने कोणी फिरकलं नाही. शेवटी काकांनीच स्वतःच्या वहीतून नावं काढून दिली. एक कॉम्प्युटर घ्या हो.

पण नवीन फादरांबद्दल लिहिलंच पाहिजे. ऑगस्टमध्ये पप्पांना न्यूमोनिया झाला तेव्हा रात्री साडेअकराला फोन केला, पावसात आले, चप्पल बाहेर काढून. पप्पांच्या डोक्यावर हात ठेवून बराच वेळ गप्प उभे राहिले. कपाळाला तेल लावलं, मग डावा हात, मग उजवा. उजव्या हाताची मूठ स्ट्रोकपासून घट्ट मिटलेली असते, आम्हालाच उघडता येत नाही. फादरांनी विचारलं, फिजिओ कसा उघडतो? मी दाखवलं, मनगट आधी आत वाकवायचं, मग करंगळीपासून सुरुवात. त्यांनी तसंच एकेक बोट सोडवलं आणि तळव्याला तेल लावलं. मुठीच्या वरून लावलं असतं तरी कोणी काही म्हटलं नसतं. हे तेल ऑलिव्हचं, ईस्टरच्या आधी बिशपांनी आशीर्वाद दिलेलं, वास जवळपास नसतोच, पण सकाळी पप्पांचा हात पुसताना मम्मीने उजवा तळवा तेवढा सोडला.

पैसे? काही नाही. पाकीट दिलं तर फादरांनी टेबलावरच ठेवलं, म्हणाले डायपरला वापरा.

एकूण ५ पैकी ४, तो एक पूर्णपणे ऑफिसचा. पहिल्यांदा बोलावणार असाल तर वाटीत पाणी आणि थोडा कापूस ठेवा, तेलाचे हात पुसायला लागतो, टीव्ही बंद करा, आणि कुत्रा आधीच मागे बांधा, आमच्या टायगरने काकांची पॅन्ट फाडलीय.