बास्केटबॉल जीएम: पगाराच्या हिशेबातून संघ बांधायला लावणारा खेळ

एनबीएचे, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे, सामने आवडीने बघणारा, पण 'कॅप स्पेस'चा, म्हणजे पगाराच्या मर्यादेखाली उरलेल्या जागेचा, विषय निघाला की उठून जाणारा कुणी भेटला, तर मी त्याला आधी हा खेळ उघडून देते. 'बास्केटबॉल जीएम' फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतो, खातं उघडावं लागत नाही आणि साध्या फोनवरही अडत नाही. जाहिराती येतात, पण त्यांचा जाच होत नाही. नको असतील त्यांना पैसे भरून बंद करता येतात.

यात चेंडू तुमच्या हातात येत नाही, हे आधीच सांगते. तुम्ही जनरल मॅनेजर. कुणाला घ्यायचं, कुणाला सोडायचं, कुणाला किती वर्षांचा करार द्यायचा, एवढंच तुमच्या हातात. सामने आपोआप खेळले जातात आणि तुमच्यासमोर येतात ते आकडे. खेळाडू काल्पनिक असतात. हवं असेल तर जुन्या एखाद्या हंगामापासून खऱ्या खेळाडूंची लीगही सुरू करता येते. आवाज, झगमगाट यातलं काहीच नाही, नुसते तक्ते. ज्यांना हे कंटाळवाणं वाटेल त्यांनी इथेच थांबलेलं बरं.

मला मात्र तक्तेच आवडतात. नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात मी पगारपत्रकाचं काम बघते, आणि कॉलेजच्या संघात पॉइंट गार्ड, म्हणजे चाली रचणारी खेळाडू, होते. या दोन गोष्टी एकत्र येतील असं कधी वाटलं नव्हतं. खेळातल्या हिशेबाच्या पानावर चालू हंगामाचा एकूण पगार असतोच, शिवाय पुढच्या हंगामांत कुणाचे किती आधीच बांधले गेलेत तेही दिसतं. नवखे लोक यंदाची बेरीज बघतात. मुरलेला माणूस आधी दोन वर्षांनंतरचा रकाना बघतो, कारण मोठा खेळाडू आणायचा तर जागा त्या रकान्यात करावी लागते.

नियम थोडक्यात असे. पगाराला मर्यादा आहे, पण ती 'सॉफ्ट' आहे. मर्यादेच्या वर गेलात तरी स्वतःच्या खेळाडूचा करार वाढवता येतो, किमान पगारावर कुणालाही घेता येतं. मर्यादेच्या वर असताना ट्रेड, म्हणजे दुसऱ्या संघाशी खेळाडूंची अदलाबदल, करायचा तर जितका पगार बाहेर जातो त्यापेक्षा कमी आत यायला हवा. आणखी वर गेलात की लक्झरी टॅक्स, जादाच्या प्रत्येक डॉलरमागे दीड डॉलर. नको झालेल्याला काढून टाकलंत तरी त्याचा पगार करार संपेपर्यंत तुमच्याच नावावर राहतो.

आपल्याकडे आयपीएलमुळे पर्सची कल्पना सगळ्यांना आहे. २०२५ च्या हंगामासाठी प्रत्येक संघाला १२० कोटी रुपये होते, त्यातले २७ कोटी लखनऊने एकट्या ऋषभ पंतवर लावले. तिथे १२० म्हणजे १२०, त्यापुढे एक रुपया नाही. एनबीएची मर्यादा तशी नाही, तिला दारं आहेत, आणि कुठल्या दारातून कधी जायचं यातच सगळं कसब आहे. खेळाच्या सेटिंगमध्ये आयपीएलसारखी 'हार्ड कॅप'ही निवडता येते, पण सुरुवात सॉफ्टनेच करा.

आता खेळाचा सगळ्यात रंगतदार भाग. हंगाम संपला, ड्राफ्ट, म्हणजे नव्या तरुण खेळाडूंची संघांनी पाळीपाळीने केलेली निवड, झाला की करार संपणाऱ्यांची यादी समोर येते. माझ्या सध्याच्या लीगमधली गोष्ट सांगते. दोन नावं होती. एक तिशीला टेकलेला पॉइंट गार्ड, दोन विजेतेपदं मिळवून दिलेला, मागत होता कमाल पगार. दुसरा पहिला करार संपवणारा बावीस-तेवीसचा फॉरवर्ड, अजून कच्चा, पण वाढणारा. प्रत्येक खेळाडूचा तुमच्याबद्दलचा मूड दाखवलेला असतो. कुणाला पैसा हवा, कुणाला विजय, कुणाला प्रसिद्धी, कुणी मुळातच निष्ठावान. पहिला करार संपवणारा खेळाडू शक्यतो आपल्याच संघात राहायला तयार असतो, आणि ही सवलत पुन्हा मिळत नाही. म्हणून फॉरवर्डला पाच वर्षांचा करार दिला आणि गार्डला जाऊ दिलं. माझा भाचा शेजारीच बसला होता. तो म्हणाला, "मावशी, अगं त्याने तुला दोन ट्रॉफ्या दिल्यात!" बरोबर आहे, दिल्या. त्याचे पैसे त्याला त्या वर्षी मिळाले होते. पुढची पाच वर्षं त्याचे गुडघे कसे असतील, हा प्रश्न वेगळा.

त्यानंतर फ्री एजन्सीचे तीस दिवस, म्हणजे करार संपलेले खेळाडू कुठल्याही संघाकडे जाऊ शकतात तो काळ. एकेक दिवस पुढे सरकतो तशी शिल्लक खेळाडूंची पगाराची मागणी खाली येते. हवा असलेला सेंटर पहिल्या दिवशी परवडत नाही, दहाव्या दिवशी जवळ येतो, आणि अकराव्या दिवशी दुसराच संघ त्याला उचलतो. ही धाकधूक खरी आहे. एनबीएची फ्री एजन्सी तिथे ३० जूनच्या संध्याकाळी सहाला उघडते, म्हणजे आपल्याकडे १ जुलैच्या पहाटे साडेतीनला. मी ती जागून बघते, आणि खेळातले ते तीस दिवस तितकेच छातीत धडधड करणारे आहेत.

एवढं सगळं जमवूनही खेळाने एक फार मोठी गोष्ट गाळली आहे. ती म्हणजे कॅप होल्ड.

खऱ्या एनबीएत खेळाडूचा करार संपला की तो लगेच तुमच्या हिशेबातून पुसला जात नाही. त्याच्यावरचा हक्क सोडेपर्यंत एक ठरावीक रक्कम त्याच्या नावाने अडकून राहते. ही रक्कम त्याच्या जुन्या पगारावरून ठरते. पहिल्या करारावरच्या तरुण खेळाडूचा जुना पगार लहान, त्यामुळे होल्डही लहान. मग हुशार संघ काय करतो? त्या तरुणाला थांबायला सांगतो, होल्ड लहान आहे तोवर उरलेल्या जागेत बाहेरचा मोठा खेळाडू आणतो, आणि शेवटी मर्यादा ओलांडून आपल्या तरुणाला पूर्ण पगार देतो. सॅन अँटोनियोने २०१५ मध्ये असंच केलं. त्यांचा तरुण कवाय लेनर्ड थांबला, बाहेरून लामार्कस ऑल्ड्रिज आला, मग कवायचा मोठा करार झाला.

ताजं उदाहरण फिलाडेल्फियाचं, आणि ते आकड्यांत बघण्यासारखं आहे. २०२४-२५ ची मर्यादा होती साधारण १४.०६ कोटी डॉलर. संघात आधीच असलेल्या जोएल एम्बीडचा पगार ५.१४ कोटी. बाहेरून पॉल जॉर्जला आणायचं तर पहिल्या वर्षाचे ४.९२ कोटी. स्वतःच्याच तरुण टायरीस मॅक्सीला कमाल करार द्यायचा तर ३.५१ कोटी. तिघांची बेरीज १३.५७ कोटी. उरतात जेमतेम ४९ लाख, आणि त्यात बाकी अख्खा संघ. म्हणजे जमतच नाही. पण मॅक्सीने २०२३ मध्ये करार वाढवला नाही, तो थांबला. त्यामुळे त्याचा होल्ड होता फक्त १.३ कोटींच्या आसपास. आता बेरीज ११.३६ कोटी, आणि हातात २.७ कोटी मोकळे. जॉर्जचा चार वर्षांचा २१.२ कोटींचा करार झाला, आणखी माणसं आली, आणि मॅक्सीला पाच वर्षांचे सुमारे २०.४ कोटी मिळाले. पैसा कुठूनही जादा आला नाही. फक्त सह्यांचा क्रम बदलला.

पगारपत्रक करणाऱ्या माणसाला हे बघून काय आनंद होतो ते शब्दांत सांगणं अवघड आहे. आणि नेमकं हेच 'बास्केटबॉल जीएम'मध्ये करता येत नाही. तिथे स्वतःच्या खेळाडूंशी बोलणी आधी संपतात, फ्री एजन्सी नंतर उघडते. माझ्या त्या फॉरवर्डला मला थांबवताच आलं नाही. त्याला आधी पूर्ण पगार द्यायचा, मग उरलेल्या जागेत बाहेर बघायचं. खेळ सोपा राहावा म्हणून असं केलं असणार, पण एक पर्याय म्हणून तरी कॅप होल्ड हवाच.

फिलाडेल्फियाचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. त्या हंगामात एम्बीड १९ सामने खेळला, जॉर्ज ४१, आणि संघ २४ जिंकून ५८ हरला. कागदावरचा हिशेब अचूक असूनही दुखापतींपुढे चालला नाही. हे मात्र खेळात आहे. दुखापती येतात, कधी ऐन प्लेऑफमध्ये येतात, आणि तिशी उलटलेल्यांचे गुण डोळ्यांदेखत उतरतात.

दुसरी गोष्ट खेळाने उत्तम पकडली आहे: नुसत्या मोकळ्या जागेकडे बघून कुणी येत नाही. न्यूयॉर्क निक्सने जानेवारी २०१९ मध्ये क्रिस्टॅप्स पोर्झिंगिसला डॅलसला देऊन जागा मोकळी केली. दोन मोठे खेळाडू मावतील एवढी. त्या हंगामात ते १७ सामने जिंकले आणि ६५ हरले. उन्हाळ्यात केविन ड्युरँट आणि कायरी अर्विंग न्यूयॉर्कलाच आले, पण नदीपलीकडे, ब्रुकलिनला. खेळात तुमचा संघ हरत असेल, सोयीसुविधा जुनाट असतील, तर पगारात जागा कितीही मोकळी ठेवा, मोठ्या नावापुढे 'बोलणी करायला तयार नाही' एवढंच दिसतं. सोयीसुविधांवर आज खर्च सुरू केला तर फरक पडायला काही हंगाम लागतात. माझ्या भाच्याने पहिल्या लीगमध्ये सगळे करार झटकून टाकले होते आणि मोकळ्या जागेत त्याला मधल्या फळीचे खेळाडू जादा दराने घ्यावे लागले. ते बघितल्यावर निक्सच्या चाहत्यांचा तो उन्हाळा त्याला नीट कळला.

निक्स नंतर सावरले ते जेलन ब्रन्सनमुळे. २०२२ मध्ये त्याच्यासाठी जागा करायला त्यांनी तीन खेळाडू डेट्रॉइटला पाठवले आणि त्याला चार वर्षांचे १०.४ कोटी दिले. जुलै २०२४ मध्ये त्याने करार वाढवला, चार वर्षांसाठी १५.६५ कोटींना; वर्षभर थांबला असता तर पाच वर्षांचे सुमारे २६.९ कोटी मिळू शकले असते. संघाला हात मोकळा राहावा म्हणून त्याने केलेला हा सौदा मला फार मोठा वाटतो. चालू करार मध्येच वाढवायची सोय खेळात नाही, त्यामुळे असा प्रसंग तिथे येत नाही. लीग आणि खेळाडूंमधल्या २०२३ च्या नव्या करारनाम्यातलं 'सेकंड एप्रन', म्हणजे लक्झरी टॅक्सच्याही वरची पगाराची एक रेघ, तीही नाही. खऱ्या एनबीएत ती रेघ ओलांडणाऱ्या संघाला दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू ट्रेडमध्ये आणता येत नाही. हल्लीच्या बातम्यांत निम्मी चर्चा याच रेघेची असते. ती समजून घ्यायला हा खेळ पुरणार नाही.

ट्रेडच्या पानाबद्दल दोन शब्द. तुमचा प्रस्ताव समोरच्या संघाला पटला नाही, तर आणखी काय दिलं म्हणजे जमेल हे एका बटणावर विचारता येतं. नवख्यांना याचा फार उपयोग होतो: कुठल्या ड्राफ्ट पिकला, म्हणजे ड्राफ्टमधल्या निवडीच्या हक्काला, किती किंमत आहे, वय वाढलं की भाव कसा घसरतो, हे दहा-बारा वेळा ते बटण दाबलं की आपोआप डोक्यात बसतं.

मालकाकडेही लक्ष असू द्या. जिंकणं, प्लेऑफ आणि नफा या तिन्हींवर तो तुम्हाला जोखतो, आणि नाराज झाला तर काढून टाकतो. लक्झरी टॅक्स भरून विजेतेपद मिळालं तर तो समजून घेतो; टॅक्स भरून पहिल्या फेरीत हरलात तर नाही.

पाचपैकी चार तारे. कॅप होल्ड आला तर पाच. नव्या माणसाने काल्पनिक खेळाडूंची लीग घ्यावी, लहान शहराचा संघ निवडावा आणि पहिल्या हंगामात कुणालाही पाच वर्षांचा करार देऊ नये. भाचा सध्या हार्ड कॅपवर खेळतोय. तिथे स्वतःच्या खेळाडूसाठीही मर्यादा ओलांडता येत नाही, त्यामुळे तीन बडे खेळाडू एकत्र ठेवणं जवळजवळ अशक्य होतं आणि किमान पगारावरचा बेंचचा खेळाडू सोन्याच्या भावाचा ठरतो. आणि हो, लीग तुमच्या ब्राउझरमध्येच साठवलेली असते. ब्राउझरचा डेटा पुसला तर तीही जाते, तेव्हा हंगाम संपला की 'एक्स्पोर्ट' करून फाईल बाजूला ठेवा.